मदत हवी आहे : चाळिशीनंतर नर्सिंगला येणाऱ्यांची तयारी
दुसरं क्षेत्र सोडून चाळिशीनंतर नर्सिंगला येणाऱ्यांनी प्रवेशाआधी काय पक्कं करावं? माझ्या मते पाठांतराआधी गणित. 1000 मिली सलाईन 8 तासांत द्यायचं, सेट (सलाईनची नळी) 1 मिलीला 20 थेंबांचा : 1000 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. मायक्रो, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटमध्ये मात्र 1 मिलीला 60 थेंब. पाकिटावरचा आकडा न पाहता तेच 42 लावले, तर सलाईन एक तृतीयांश वेगानेच जाईल. असा सराव आणखी कशाकशाचा हवा?

दुसरं, रुग्ण उचलणं, कूस बदलणं, त्यात रात्रपाळी; सगळा भार कंबरेवर. डायलिसिस किंवा संसर्ग नियंत्रणाकडे वळण्याआधी वॉर्डात किती वर्षं काढावीत? त्या विभागांत काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.