सिलिंडरमधून २ घनमीटरची कमान दोन मिनिटांत कशी फुगवायची?

प्रश्न
पीव्हीसी कापडाची कमान आहे. नळीचा व्यास अर्धा मीटर, लांबी १० मीटर, म्हणजे आत साधारण २ घनमीटर. कामाचा दाब ०.२ बार. वीज नसलेल्या जागी दोन मिनिटांत उभी करायची आहे. ४७ लिटरच्या नायट्रोजनच्या बाटल्याला (१५० बार) वेल्डिंगचं फ्लोमीटरवालं रेग्युलेटर (बाटल्याचा दाब कमी करून गॅस मोजून सोडणारं) लावलं, तर तासाभरानंतरही कमान लोळतेच. गॅस कमी पडतोय का? ऑक्सिजनचा बाटला हाताशी आहे, तो चालेल? की सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणू?

उत्तर १
गॅस भरपूर आहे. ४७ गुणिले १५० म्हणजे जवळपास ७ घनमीटर. तुम्हाला (बाहेरच्या हवेचा १ बार आणि वरचा ०.२ धरून) २ × १.२ = २.४ घनमीटर लागतो, म्हणजे एका भरणीत गेज १५० वरून १०० च्या आसपास येईल.

अडतंय ते रेग्युलेटरमध्ये. तो मिनिटाला २५ लिटर सोडत असेल, तर २४०० लिटरला ९६ मिनिटं लागणारच. जास्त प्रवाहाचा, १० बार आउटलेटचा रेग्युलेटर घ्या आणि पुढे ४ मिमी छिद्राचा जेट लावा. त्यातून मिनिटाला १३०० लिटरच्या आसपास जातं. मधली नळी मात्र आतून १० मिमीच्या खाली नको. बारीक नळी लावली तर मोठा रेग्युलेटर घेऊन फायदा नाही. बाटला साखळीने बांधा, नळीच्या दोन्ही टोकांना सुटून फटकारू नये म्हणून दोरी लावा.

उत्तर २
ऑक्सिजन अजिबात नको. कापड, गोंद, झडपेवरचं ग्रीस, सगळंच त्यात सहज पेटतं.

सीओटू छोट्या बाटलीत जास्त मावतो, हे खरं. तुम्हाला साधारण साडेचार किलो पुरेल. पण बाटली उभी ठेवली तर द्रव उकळताना ती गार होते, दाब पडतो आणि प्रवाह मंदावतो. उलटी केली तर द्रव बाहेर येऊन जेटमध्ये बर्फाचा भुगा अडकतो. समुद्रावरच्या लाइफराफ्टमध्ये (फुगणाऱ्या जीवरक्षक तराफ्यात) सीओटूबरोबर थोडा नायट्रोजन भरतात तो यासाठीच. थंडीतही गॅस जोरात बाहेर पडला पाहिजे. शिवाय सीओटू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. बाटला आहेच, तर नायट्रोजनच वापरा. फक्त कमान बंद खोलीत भरू नका, रिकामी करतानाही नाही. श्वास कोंडतोय हे कळायच्या आत माणूस पडतो.

प्रश्नकर्ता
नायट्रोजनच वापरतो. गेजवर नजर ठेवून व्हॉल्व्ह बंद केला, तर रिलीफ झडप (जास्तीचा दाब आपोआप सोडणारी) लागेल का?

उत्तर १
लागेलच. मिनिटाला १३०० लिटरच्या वेगात शेवटच्या काही सेकंदांत दाब झपाट्याने चढतो, हात पोचेपर्यंत उशीर होतो. ०.२ बारलाच कमानीच्या कापडावर दर मीटर रुंदीला सुमारे ५०० किलोचा ताण असतो, आणि आधी कापड नाही, जोड उसवतो. झडप ०.२५ बारची घ्या, आतून किमान २० मिमी. बारीक झडप उघडेल, पण येणारा गॅस तिच्यातून निघणार नाही.

गॅस गार आत जातो, हेही धरून चला. ० अंशाला ०.२ बार भरलेली कमान ३० अंशाला ०.३३ वर जाते. म्हणून थोडी कमीच भरा, दहा मिनिटांनी उरलेलं द्या. जेटचा झोत थेट कापडावर सोडू नका. गारठलेलं पीव्हीसी घडीवर तडकतं. आत भोकांची आखूड नळी बसवा.

उत्तर ३
गॅस वाचवायचा असेल तर अ‍ॅस्पिरेटर पाहा. विमानाच्या आणीबाणीच्या घसरगुंड्या त्यावरच दहा सेकंदांच्या आत फुगतात: जेटचा झोत बाहेरची हवा सोबत ओढतो, बाटलीतला गॅस थोडाच लागतो. पण आतला दाब चढला की ओढ संपते, म्हणून तोंडाशी एकेरी पडदा हवाच, नाहीतर भरलेलं तिथूनच परत जाईल. शेवटचा दाब नुसत्या गॅसने द्यायचा. तोंडाला जाळी लावा, नाहीतर गवत आणि कमानीचंच कापड आत ओढलं जातं.