पडकोट म्हणजे पडका कोट का?

नमस्कार मंडळी, एक शंका. आमच्या देवगडाजवळ खाडीच्या तोंडावर जुना कोट आहे, पार मोडलाय, आत नुसत्या करवंदीच्या जाळ्या. गेल्या महिन्यात पुरातत्त्वची पोरं टेप घेऊन मापं काढायला आलेली, त्यांच्या नकाशात एकाच बाजूला 'पडकोट' लिहिलेलं. मी म्हटलं अहो सगळाच पडकाय की, तर हसले आणि पुढच्या कोपऱ्यात गेले. गावात सगळे पडका कोट असंच समजतात.

पडका नाही हो काका. हा 'पड' म्हणजे संस्कृतातला 'प्रति', प्राकृतात 'पडि' झाला. प्रतिशब्दाचा पडसाद, प्रतिच्छायेची पडछाया, प्रतिपदेचा पाडवा. घशातली पडजीभ बघा ना, ती काय पडलेली जीभ नाही, जिभेमागची दुसरी छोटी जीभ. (माझी आजी ती वाढली की बोटाला मीठ लावून दाबायची, आठवलं तरी ओकारी येते.) तसा मुख्य तटाच्या बाहेरचा दुसरा तट तो पडकोट. विजयदुर्गाला जमिनीकडच्या बाजूला आहे, त्याला पडकोट खुष्कच म्हणतात, खुष्क म्हणजे कोरडा, खुष्कीच्या मार्गातला.

मग पडदा आणि पडीक जमीन पण प्रति का? 🙂

नाही, पडदा फारसी आणि पडीक आपल्या पडणे वरून. दिसायला सगळे भाऊ, घराणी वेगळी. म्हणून तर घोटाळा होतो.

मी खोदकामावर होतो काही वर्षं, शब्दाचं मला कळत नाही पण जमिनीत पडकोट कसा ओळखतात ते सांगतो. दोन तट एकाच वेळी बांधले असतील तर जोडावर चिरे एकमेकांत गुंतवलेले असतात, एक या भिंतीतला एक त्या भिंतीतला. नंतर जोडला असेल तर वरपासून खालपर्यंत सरळ फट, नुसता टेकवलेला. मग पायथ्याशी चर घेतात, बाहेरच्या भिंतीचा पाया जर जुन्या ढिगाऱ्यावर बसला असेल तर ती नंतरची हे नक्की, आणि त्या ढिगाऱ्यात चिनी मातीची निळी-पांढरी खापरं मिळाली तर किती नंतरची त्याचाही अंदाज लागतो, अशी खापरं आपल्या किनाऱ्यावर चौलला वगैरे सापडलीयेत. नकाशावर एकाच बाजूला लिहिलेलं ते बरोबरच असणार, जिथून शत्रू पायी येऊ शकतो तिथेच दुसरा तट घालायचा, समुद्राकडे कशाला खर्च.

काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन आलो. फट आहे! गाडीची चावी अख्खी आत गेली, आणि सरळ रेष अगदी, वरच्या वडाच्या मुळापर्यंत. शेजारच्या आबांना मोठ्या उत्साहाने प्रति-बिती सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, विडी झटकली आणि म्हणाले, "बरा. आता ह्यो पडकोटय पडलो, तेका काय म्हणतलास?"