सुपर मेगा बेसबॉल ४ : चेंजअप मारायचा कसा? मदत हवी आहे

मंडळी, ‘सुपर मेगा बेसबॉल ४’ हा व्हिडिओ गेम नियमित खेळणारं कुणी आहे का इथे? २०२३ साली आलेला, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच, विंडोज सगळीकडे चालणारा. मी कॉम्प्युटर टीव्हीला जोडून कंट्रोलरवर खेळतो.

पिचिंग, म्हणजे चेंडू टाकणं, हातात बसलंय. गाडं अडलंय ते बॅटिंगपाशी. ईगो, म्हणजे ० ते ९९ ची काठिण्यपातळी, खाली होता तोवर मजा होती. वर नेल्यापासून चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखाच सुटणारा पण संथ येणारा चेंडू, जीव खातो. पॉवर स्विंगसाठी (जोरदार फटका) बटण दाबून धरतो, अंगठा फास्टबॉलला सरावलेला, चेंडू रमतगमत येतो आणि बॅट केव्हाच फिरून गेलेली असते! दोन स्ट्राइक पडल्यावर (तिसऱ्याला बाद!) तर हमखास.

चेंडू हातातून सुटताना नेमकं काय बघायचं? की दोन स्ट्राइकनंतर पॉवर स्विंगचा नाद सोडून साधा कॉन्टॅक्ट स्विंगच बरा? तसं केलं तर चेंडू लागतो, पण बेब रूथसारख्या होमरनच्या बादशहाला संघात घेऊन सिंगलवर, म्हणजे एका बेसपुरत्या फटक्यावर, समाधान मानायचं म्हणजे अतीच झालं.

आणखी एक, टीव्हीचा गेम मोड (चित्र दिसायला लागणारा उशीर कमी करणारा) चालू केल्याने टायमिंगमध्ये जाणवण्याइतका फरक पडतो का? ‘ईगो कमी कर’ सोडून कुठलाही सल्ला चालेल.