समुद्राच्या पाण्यात पडलेला फोन घरी उघडून धुता येईल का?

रायबंदरकर

नमस्कार. गेल्या रविवारी संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर भाचीचे छायाचित्र घेत असताना एक लाट अपेक्षेपेक्षा बरीच वर आली आणि त्या गडबडीत फोन हातातून निसटून पाण्यात पडला. उचलेपर्यंत फार तर दहा सेकंद गेली असतील. फोन चालूच होता, म्हणून मी तो रुमालाने पुसला, घरी पोहोचल्यावर बंद केला आणि आईच्या आग्रहाखातर उकड्या तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवला. मंगळवारी तो सुरू झाला आणि दिवसभर व्यवस्थित चालला. बुधवारी सकाळी मात्र पडदा काळा पडला. फोन आला की घंटी वाजते, आणि पडद्यावर तिरका विजेरीचा झोत टाकला तर अक्षरे पुसटशी दिसतात, म्हणजे आत काहीतरी चालू आहे. चार्जरला लावल्यावर खालची बाजू नेहमीपेक्षा जास्त तापते, त्यामुळे मी तो पुन्हा बंद करून ठेवला आहे.

एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, तेव्हा त्यांनी तो न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. फोन सहा वर्षांचा आहे, त्यामुळे नवा घ्यायला माझी हरकत नाही; पण वडिलांच्या शेवटच्या चवथीची छायाचित्रे आणि त्यांनी म्हटलेल्या आरत्यांचे ध्वनिमुद्रण त्यात आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. आयटीआयमध्ये असताना सोल्डरिंग शिकलो होतो आणि घरी मल्टिमीटर आहे. एवढ्या भांडवलावर फोन उघडावा का? की आतली मेमरी काढून दुसऱ्या फोनला लावून घेण्याचा काही मार्ग आहे?

सोल्डर आणि सुई (मडगाव)

आपण फोन बंद करून ठेवलात हे उत्तम केलेत, आता तो एकदाही सुरू करून पाहू नका आणि चार्जरलाही लावू नका. आधी आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. अलीकडच्या फोनमधली मेमरी कुलूपबंद असते आणि तिची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरपाशी असते, त्यामुळे मेमरीची चिप काढून दुसरीकडे लावली तर हाती काहीच लागत नाही. छायाचित्रे हवी असतील तर हाच बोर्ड काही तासांपुरता तरी जिवंत करावा लागेल. म्हणून 'फोन दुरुस्त करणे' हे उद्दिष्ट डोक्यातून काढून 'एकदाच चालवून माहिती उतरवून घेणे' एवढेच ठेवा. त्याने कामातली घाई बरीच कमी होते.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून बोर्ड पूर्ण गेला असे मला वाटत नाही. अक्षरे पुसट दिसत आहेत, म्हणजे चित्र तयार होत आहे आणि फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. बॅटरीचे व्होल्टेज चारच्या आसपास असते, पण त्या प्रकाशाच्या दिव्यांसाठी ते वाढवून बरेच जास्त, अनेक फोनमध्ये १५ ते २० व्होल्टच्या घरात, न्यावे लागते. ओल्या बोर्डावर जिथे व्होल्टेज जास्त तिथे धातू सर्वांत आधी खाल्ला जातो, म्हणून भिजलेल्या फोनचा 'बॅकलाइट' पहिल्यांदा जाणे हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव आहे. रविवार ते बुधवार हा काळही त्याच्याशी जुळतो. पाण्याने रविवारी काही बिघडवले नव्हते. तांदळातून काढल्यावर दिवसभर जो प्रवाह खेळला, त्याने मागे राहिलेल्या ओलसर मिठातून तांबे झिजवले.

उघडायचे असेल तर क्रम असा ठेवावा. मागची काच डिंकाने चिकटवलेली असते. गरम पाण्याच्या पिशवीने ती शेकून मऊ करावी आणि जुन्या सिमकार्डासारख्या पातळ प्लॅस्टिकने हळूहळू सोडवावी, कारण तिथे धातूची पाती घातली आणि ती बॅटरीत रुतली तर आग लागू शकते. बोर्ड दिसला की बाकी काहीही करण्याआधी बॅटरीचे कनेक्टर सोडवावे. प्रत्येक स्क्रूची जागा कागदावर काढून तिथेच तो चिकटवून ठेवावा, कारण दिसायला सारखे असलेले स्क्रू लांबीने वेगळे असतात आणि लांब स्क्रू भलत्या भोकात पिळला तर बोर्डाच्या आतले थर तुटतात. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे, तेही गिऱ्हाइकाच्या फोनवर.

नंतर बोर्ड पूर्ण बाहेर काढून त्यावरची पत्र्याची झाकणे पाहावीत. पाणी नेमके त्यांच्याखाली शिरून बसते आणि वरून पुसल्याने काहीही साधत नाही. झाकणे नुसती बसवलेली असतील तर उचलता येतात. सोल्डर केलेली असतील तर गरम हवेच्या यंत्राशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. हिरवट-पांढरी भुकटी जिथे दिसेल तिथे मऊ दातब्रशाने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून घासावे. आयपीए ९९ टक्क्यांचे घ्यावे. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या द्रावणात उरलेले पाणीच असते. थिनर आणि पेट्रोल यांनी धुण्याची सवय काही कारागिरांना आहे, ती कृपया उचलू नका.

प्रयोगशाळेतून

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे वरच्या उत्तरात एक दुरुस्ती सुचवण्याचा मोह आवरत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हे मीठ पाण्यात सहज विरघळते, आयपीएमध्ये मात्र जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे बोर्ड थेट आयपीएने धुतला तर पाणी निघून जाईल आणि मीठ तिथेच कोरडे होऊन बसेल. कोरडे मीठ वरवर निरुपद्रवी दिसते. पण आपल्याकडे आषाढात मिठाच्या बरणीचे काय होते ते प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. हवेतली ओल शोषून ते पुन्हा पाझरते आणि फोन पुन्हा भिजल्यासारखाच होतो. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीन वेळा, दर वेळी नवे पाणी घेऊन धुवावे आणि त्यानंतरच आयपीए वापरावे. आयपीए पाण्यात पूर्ण मिसळते, ते पाणी ओढून घेते आणि लवकर उडून जाते; त्याचे काम तेवढेच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी जे पाणी विकत मिळते ते न फोडलेल्या बाटलीतले असेल तर चालेल. नळाचे किंवा विहिरीचे नको.

तांदळाबद्दलही सांगते. तांदूळ बंद फोनच्या आतले पाणी ओढून घेऊ शकत नाहीत, मीठ तर नाहीच नाही. उलट त्यांचा कोंडा आणि पीठ चार्जिंगच्या भोकात जाते. ॲपलनेही आपल्या ग्राहकांना फोन तांदळात ठेवू नका असे स्पष्ट सांगितले आहे. आईंचा मान राखून तेवढे तांदूळ भातासाठी परत करावेत, अर्थात धुऊन.

जुलैमध्ये मांडवीला पूर असल्याने मिरामारचे पाणी उन्हाळ्याइतके खारट नसते, पण त्यावर भिस्त ठेवू नये. आयपीएची वाफ सहज पेट घेते, तेव्हा खिडकी उघडी ठेवून, समईपासून आणि गॅसपासून दूर बसून हे काम करावे.

सोल्डर आणि सुई (मडगाव)

बाईंचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. दुकानात अल्ट्रासॉनिक यंत्रात, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या टाकीत, बोर्ड आधी पाण्याच्याच द्रावणात जातो, म्हणून लिहिताना ती पायरी मी गृहीत धरली. मात्र पाण्यात फक्त बोर्ड बुडवावा. पडदा, कॅमेरे, स्पीकर आणि बॅटरी यांना बुडवू नये. पडद्याच्या थरांमध्ये द्रव शिरला तर डाग कायमचे राहतात.

वाळवण्याचे राहिले. केस वाळवण्याचे यंत्र नको, आणि पावसाळ्यात नुसते पंख्याखाली ठेवूनही फारसा उपयोग नाही, कारण हवाच दमट असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात बोर्ड एक दिवस ठेवावा. बुटांच्या खोक्यातल्या जुन्या पुड्या आधीच ओल पिऊन तृप्त झालेल्या असतात. रंग बदलणारे ताजे दाणे आणावेत. जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने बोर्डावरच्या बॅटरी कनेक्टरची धन आणि ऋण टोके तपासावीत. सलग बीप आली तर बोर्ड शॉर्ट आहे, आणि तिथे घरचे काम संपले असे समजावे. जुनी बॅटरी परत लावू नये.

डिचोलीकर

हा धागा वाचून कोणी घरातली इतर भिजलेली उपकरणे उघडायला बसेल अशी भीती वाटते, म्हणून लिहितो. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होते. ओसरल्यावर मी उत्साहाने दूरदर्शन संच, मिक्सर आणि इन्व्हर्टर पडवीत मांडले. प्लग काढून बराच वेळ झाला होता, तरी संचाच्या पॉवर सप्लायला पेचकस लागताच ठिणगी उडून त्याचे टोक जळाले. आपल्या २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर होऊन तिथल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वीज बंद केल्यावरही ते काही काळ तिथेच राहू शकतात. पेचकसाऐवजी माझे बोट असते तर हे लिहायला मी नसतोही.

मिक्सर मात्र वाचला. मोटर सोडवून, गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन, आठवडाभर चुलीच्या उबेला ठेवली आणि ओळखीच्या वायरमनकडून गुंडाळी आणि बाहेरचे आवरण यांच्यामधला विद्युतरोध मोजून घेतल्यावरच ती सुरू केली. इन्व्हर्टरला मी हात लावला नाही. फोनचे चार व्होल्ट माणसाला धक्का देत नाहीत, तिथे भीती फक्त बॅटरीच्या आगीची. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा हिशेब वेगळा आहे आणि तो माहीत नसेल तर त्या उघडू नयेत. घरच्या मुख्य पेटीत आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर दुरुस्तीच्या आधी तो बसवून घ्यावा.

रायबंदरकर

सर्वांचे आभार मानून काय झाले ते कळवतो. फोन शनिवारी उघडला. बॅटरी एका बाजूने किंचित फुगलेली होती; ती काढून कोरड्या वाळूच्या बादलीत अंगणात ठेवली आणि नंतर जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात दिली. सिमकार्डाच्या खाचेतली, पाणी लागल्याचे दाखवणारी पांढरी खूण लाल झाली होती. चार्जिंगच्या भोकाशी हिरवी भुकटी होती आणि पडद्याच्या कनेक्टरशेजारी एका कॅपॅसिटरभोवती काळसर डाग होता. बाईंनी सांगितल्याप्रमाणे डिस्टिल्ड वॉटरने तीनदा आणि मग आयपीएने धुतले. पहिल्या धुण्याच्या पाण्याचा एक थेंब मी उत्सुकतेपोटी काचेवर वाळवून पाहिला, तर त्यावर पांढरी कडा उमटली. तिसऱ्या पाण्याच्या थेंबाची जवळजवळ नाही.

मल्टिमीटरवर बॅटरीच्या टोकांशी बीप नव्हती. नवी बॅटरी लावल्यावर फोन सुरू झाला, पडदा मात्र काळाच राहिला. तो कॅपॅसिटर स्वतः बदलण्याचा धीर झाला नाही, म्हणून काल रेल्वेने मडगावला नेऊन एका कारागिराकडून बदलून घेतला. पाऊण तास लागला. उजेड आला. छायाचित्रे आणि आरत्या दोन पेन ड्राइव्हवर आणि बहिणीच्या संगणकावर उतरवल्या आहेत. रात्री उशिरा स्पर्शाला पडदा दाद देईनासा झाला, पण तोपर्यंत उतरवण्याचे काम पूर्ण झाले होते.