मिशिगनची मॅकिनॉ संस्था : देणगीदारांची नावे न सांगणाऱ्या थिंक टँकचे संशोधन कसे वाचावे?

नोव्हीकर (धागालेखिका)

गेली अठरा वर्षे मी मिशिगनमध्ये राहते. या काळात राज्यात जे मोठे कायदे झाले, त्यांपैकी अनेकांचा माग काढत गेले की मिडलंडसारख्या लहान शहरातल्या एका संस्थेचे अहवाल हाती लागतात. 1987 साली स्थापन झालेले मॅकिनॉ सेंटर फॉर पब्लिक पॉलिसी ही खुल्या बाजाराचा आणि मर्यादित सरकारचा पुरस्कार करणारी थिंक टँक, म्हणजे धोरणांवर अहवाल काढणारी संस्था आहे. अशा संस्था आज सर्व 50 राज्यांत आहेत आणि 1992 पासून स्टेट पॉलिसी नेटवर्क त्यांना एकमेकींशी जोडून ठेवते.

‘ओव्हर्टन विंडो’ हा शब्दप्रयोग आता मराठी लेखांतही दिसतो. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जोसेफ ओव्हर्टन या संस्थेचे वरिष्ठ उपाध्यक्ष होते. त्यांनी पुठ्ठ्याची एक पत्रिका बनवली होती. तिच्यातली पट्टी सरकवली की एखाद्या प्रश्नावरचे कोणते पर्याय आज राजकारण्यांना उघडपणे मांडता येतील, हे चौकटीत दिसत असे. आमदार चौकटीबाहेर सहसा जात नाहीत, म्हणून थिंक टँकने आमदारांच्या मागे न लागता चौकटच सरकवावी, असा त्यांचा विचार होता.

‘राइट टू वर्क’ कायद्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. कामगार संघटनेला वर्गणी किंवा शुल्क देण्याची सक्ती नोकरीच्या अटींत असू नये, ही मागणी वाहन कामगारांच्या मिशिगनमध्ये एकेकाळी कोणी गंभीरपणे घेत नव्हते. संस्था मात्र ती वर्षानुवर्षे मांडत राहिली. हा विषय आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही असे सांगत आलेले गव्हर्नर रिक स्नायडर यांनी अखेर 11 डिसेंबर 2012 रोजी त्या कायद्यावर सही केली. विधेयकाला 10 लाख डॉलरची तरतूद जोडलेली होती, कारण मिशिगनमध्ये खर्चाची तरतूद असलेल्या कायद्यावर सार्वमत मागता येत नाही.

माझा आक्षेप संस्थेच्या विचारसरणीवर नाही. 2011 साली वेस्कॉन्सिनमध्ये कामगार संघटनांचा संघर्ष पेटलेला असताना याच संस्थेने माहिती अधिकाराचा वापर करून मिशिगनच्या तीन सरकारी विद्यापीठांतल्या कामगार-अभ्यास विभागांच्या प्राध्यापकांच्या ईमेल मागवल्या. त्या संघर्षाचा आणि तिथल्या गव्हर्नरांचा उल्लेख असलेला पत्रव्यवहार तिला हवा होता. स्वतःच्या देणगीदारांची नावे मात्र ती प्रसिद्ध करत नाही. दुसऱ्याच्या टपालावर हक्क सांगणाऱ्याने आपल्या हिशेबाची वहीही उघडी ठेवावी, आणि ती उघडी नसेल तोवर तिच्या अहवालांना वृत्तपत्रांनी ‘संशोधन’ न म्हणता ‘बाजू’ म्हणावे, असे मला वाटते.

लान्सिंगकर

आपली मांडणी नेटकी आहे, पण तिच्या मुळाशी जी तुलना आहे ती मला मान्य नाही. सरकारी विद्यापीठाचा प्राध्यापक करदात्याच्या पैशावर पगार घेतो आणि त्याचा कार्यालयीन पत्रव्यवहार सरकारी दस्तऐवज ठरू शकतो, तर खाजगी संस्थेला स्वतःच्या खिशातून देणगी देणारा माणूस हा खाजगी नागरिकच असतो. अलाबामा राज्याने नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेकडे सदस्यांची यादी मागितली होती. ती देण्याची सक्ती करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली दिला. यादी उघड झाली असती तर त्या माणसांचे काय झाले असते, हे सांगायला नको. कॅलिफोर्नियाने धर्मादाय संस्थांकडून बड्या देणगीदारांची नावे मागण्याचा जो नियम केला होता, तोही 2021 मध्ये याच तत्त्वावर रद्द झाला.

राइट टू वर्कविषयी घरातलाच अनुभव सांगतो. माझी पत्नी सरकारी शाळेत शिकवते. संघटनेचे राजकारण पटत नसल्याने तिने सदस्यत्व सोडल्याचे रीतसर लिहून दिले होते. तरीही तिच्या 2010 सालच्या पगाराच्या स्लिपवर दर पंधरवड्याला ‘एजन्सी फी’ या नावाखाली पूर्ण वर्गणीच्या जवळपास तेवढीच रक्कम कापलेली दिसते. त्या स्लिपा आजही आमच्या फायलीत आहेत. तिच्या बाजूने बोलणारे तेव्हा या राज्यात जवळजवळ कोणी नव्हते, आणि जी संस्था बोलली तिला पैसा कोणी दिला यावरून तिचे म्हणणे खरे की खोटे हे ठरत नाही.

सांगलीहून

बाहेरून वाचणाऱ्याची एक भर. महाराष्ट्रातल्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्यानुसार मान्यतेसाठी किमान 30 टक्के सभासद लागतात. मान्यताप्राप्त संघटना वाटाघाटी सगळ्यांच्या वतीने करते, पण जो सभासद नाही त्याला वर्गणीची सक्ती नसते. त्यामुळे वर्गणी न देता कराराचा लाभ घेणारा कामगार आपल्याकडे नवा नाही. मी साखर कारखान्यात पंचवीस वर्षे काढली. संघटनेचा माणूस पगाराच्या दिवशी दाराशी पावतीपुस्तक घेऊन उभा राही आणि त्याला प्रत्येकाशी बोलावे लागे. त्या बोलण्यामुळे संघटना जागी राही, असे माझे मत आहे. तरीही अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे वर्गणी न देणाऱ्याचीही तक्रार लढवणे संघटनेला बंधनकारक असेल, तर तो खर्च कोणी उचलायचा, याचे उत्तर लान्सिंगकरांनी द्यायला हवे.

नोव्हीकर

सांगलीहून आलेला प्रश्न अगदी मर्माचा आहे. अमेरिकेत तसे बंधन आहेच, आणि म्हणूनच 1977 साली डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एजन्सी फी वैध ठरवली होती. त्याच न्यायालयाच्या 2018 च्या जॅनस निकालाने सरकारी नोकरांपुरती ती देशभर रद्द झाली आणि त्यानंतर मॅकिनॉने सरकारी नोकरांना हा हक्क कळवण्याची मोठी मोहीम चालवली. लान्सिंगकरांच्या पत्नींना जो त्रास झाला तो मी नाकारत नाही. सदस्यत्व सोडल्यावर जवळपास पूर्ण वर्गणी कापणे हे अन्यायाचेच होते.

देणगीदारांबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. 1958 सालच्या अलाबामातल्या कृष्णवर्णीय शिक्षकाच्या नोकरीला आणि जिवाला धोका होता. राज्याचे धोरण वळवू पाहणाऱ्या धनाढ्य प्रतिष्ठानाला तो धोका नसतो. त्या निकालाची ढाल दोघांसाठी एकाच मापाची कशी असू शकते?

दुसरी गोष्ट आपत्कालीन व्यवस्थापकांची. आर्थिक अडचणीतल्या शहरांवर राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला अधिक अधिकार असावेत, अशी मांडणी या संस्थेसाठी लिहिणारे लुई शिमेल 2005 पासून करत होते, आणि 2011 चा कायदा झाल्यावर तेच पाँटियाक शहराचे व्यवस्थापक झाले. नोव्हेंबर 2012 मध्ये मतदारांनी तो कायदा फेटाळला, तर पुढच्याच महिन्यात त्याच धर्तीचा दुसरा आला आणि त्यालाही खर्चाची तरतूद जोडलेली होती. अशाच व्यवस्थापकाच्या कारभारात एप्रिल 2014 मध्ये फ्लिंट शहराचा पाणीपुरवठा नदीच्या पाण्यावर वळवला गेला आणि घराघरांतल्या नळांतून शिसे आले.

लान्सिंगकर

फ्लिंटचे ओझे एका अहवालावर टाकणे न्यायाचे नाही. नदीचे पाणी घेताना नळ गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायला हवी होती ती झाली नाही. याची मुख्य जबाबदारी 2016 च्या चौकशी गटाने राज्याच्या पर्यावरण खात्यावर ठेवली. व्यवस्थापकांच्या निर्णयांनाही त्या गटाने दोष दिला, हे मी लपवत नाही.

आपण न सांगितलेली एक बाजू येथे नोंदवतो. गुन्हा सिद्ध न होताच पोलिसांनी माणसाची गाडी किंवा रोख रक्कम कायमची जप्त करावी, या प्रथेविरुद्ध मॅकिनॉने 2015 मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आणि डाव्या मानल्या जाणाऱ्या एसीएलयू या संघटनेच्या मिशिगन शाखेबरोबर संयुक्त अहवाल काढला. 2019 मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी सही केलेल्या कायद्यांनी अमली पदार्थांच्या प्रकरणांत 50 हजार डॉलरपर्यंतच्या मालमत्तेसाठी आधी दोषसिद्धी सामान्यतः आवश्यक केली. तेव्हा देणगीदारांची यादी कोणी मागितली नव्हती. अहवाल वाचला गेला आणि पटला.

आणि सार्वमत टाळणाऱ्या तरतुदीचा आपल्याला राग असेल, तर 2023 मध्ये राइट टू वर्क रद्द करणाऱ्या विधेयकांनाही तशीच तरतूद जोडली होती, हेही लिहा.

नोव्हीकर

लिहिते. ते तितकेच चुकीचे होते, आणि तेव्हा मला आनंद झाला होता म्हणून मी त्यावर गप्प राहिले, ही माझी चूक. संयुक्त अहवालाचे उदाहरणही मी मानते, पण त्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. त्या अहवालावर परस्परविरोधी विचारांच्या दोन संस्थांची नावे होती, म्हणून पैसा कोणाचा हे विचारण्याची गरज वाचकाला कमी भासली. एकाच संस्थेचा अहवाल समोर असेल तेव्हा ती गरज उरते. म्हणून माझी मागणी आता थोडी बदलून मांडते. सर्व लहान देणगीदारांची नावे नकोत. एका ठरावीक रकमेच्या वर देणाऱ्या प्रतिष्ठानांची नावे, ज्या अहवालाच्या विषयाशी त्यांचा संबंध आहे त्या अहवालाच्या पहिल्या पानावर असावीत. कामगार संघटनांच्या पैशावर चालणाऱ्या डाव्या संस्थांनाही हाच नियम लागू व्हावा. ती रक्कम किती असावी, हे लान्सिंगकरांनीच सुचवावे.