प्रोस्टेटमधला ‘स्ट्रोमा’ म्हणजे संयोजी ऊती का?

प्रश्न: निरोगी पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या सूक्ष्मरचनेवर मराठीत लिहितो आहे. ‘स्ट्रोमा’साठी ‘संयोजी ऊती’ चालेल का? अडचण अशी, की लगेच पुढे ‘स्ट्रोमातले स्नायू’ येतात. संयोजी ऊतीत स्नायू कुठून आले, असे वाचक विचारेल. आणि ‘कॅप्सूल’ला, म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या आवरणाला, काय म्हणावे?

उत्तर: वाचकाचा प्रश्न रास्तच असेल. या ग्रंथीत 30 ते 50 छोट्या शाखायुक्त ग्रंथी असतात आणि त्यांच्या नलिका मूत्रमार्गात उघडतात. आतले अस्तर अभिस्तर ऊतीचे. त्या अस्तराखालच्या पातळ आधारपटलाच्या बाहेर जे जे आहे, तो स्ट्रोमा. त्यात कोलॅजेनचे आणि लवचिक तंतू, ते तयार करणारे फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, चेतातंतू हे सगळे आलेच, पण मोठा वाटा अपट्टकी (पट्टे नसलेल्या, आपल्या इच्छेवर न चालणाऱ्या) स्नायूंचा. इतर बऱ्याच ग्रंथींत आधाराचे काम मुख्यतः संयोजी ऊती करते. इथे स्नायूंच्या जुड्या आणि कोलॅजेन एकमेकांत विणलेले असतात, आणि वीर्यस्खलनाच्या वेळी हेच स्नायू आकुंचन पावून स्राव नलिकांतून बाहेर ढकलतात. म्हणून संपूर्ण स्ट्रोमाला ‘संयोजी ऊती’ म्हणणे चूक. ‘तंतुस्नायुमय आधार-ऊती’ म्हणा, किंवा सरळ ‘स्ट्रोमा’. ‘संयोजी ऊती’ हा शब्द त्यातल्या तंतूंच्या भागापुरता राखून ठेवा.

आणखी एक उत्तर: सहमत. सूक्ष्मदर्शकाखालीही हा घोळ होतो. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या नेहमीच्या रंगक्रियेत स्नायू आणि कोलॅजेन दोन्ही गुलाबीच दिसतात. स्नायुपेशीचे केंद्रक लांबट, बोथट टोकांचे आणि फायब्रोब्लास्टचे बारीक, निमुळते, एवढ्यावर ओळखायचे. मॅसन ट्रायक्रोम ही वेगळी रंगक्रिया वापरली की स्नायू लाल आणि कोलॅजेन निळे किंवा हिरवे होते. मग कोण किती आहे ते लपत नाही. लवचिक तंतूंसाठी ऑर्सीनसारखा वेगळा रंग लागतो.

प्रश्नकर्ता: ‘अपट्टकी स्नायू’ऐवजी ‘अरेखित पेशी’ असेही एके ठिकाणी वाचले.

उत्तर: ते हिंदीच्या वळणाचे. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू आणि कोशिका म्हणजे आपली पेशी. आयुर्वेदातही पेशी म्हणजे मांसाचा भाग; सुश्रुतसंहितेत 500 पेशी आणि 900 स्नायू मोजले आहेत, पण तिथले स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोरीसारखे बंध. म्हणजे संयोजी ऊतीच की! आजच्या मराठीत मात्र पेशी आणि स्नायू यांचे अर्थ पक्के झाले आहेत. या विषयात स्नायू आणि बंध शेजारी-शेजारी नांदत असल्याने तिन्ही परंपरांची सरमिसळ केली तर वाक्याचा अर्थच उलटेल.

कॅप्सूलबद्दल: ‘संपुट’ हा शब्द चांगला, पण इथे फसवा. संपुट म्हटले की चहूबाजूंनी बंद, सोलून वेगळे करता येईल असे आवरण डोळ्यांसमोर येते. या ग्रंथीभोवती असते तो बाहेरच्या कडेला दाट झालेला तंतुस्नायुमय पट्टा, आणि तो आतल्या स्ट्रोमाला सलग जोडलेला असतो. खालच्या टोकाशी आणि पुढच्या बाजूला तर तो स्पष्ट उरतच नाही. पुढे स्वतंत्र तंतुस्नायुमय भाग आहे, त्यात ग्रंथी जवळजवळ नसतात. मी ‘बाह्य तंतुस्नायुमय पट्टा’ लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘यालाच कॅप्सूल म्हणतात’ एवढे जोडीन. लांब आहे, पण खोटे नाही.

भर घालतो: ‘स्ट्रोमा दाट असतो’ असे सरसकट लिहू नका. ग्रंथीऊतीचा सुमारे 70 टक्के भाग असलेल्या परिघीय (बाहेरच्या) क्षेत्रात तो सैलसर असतो. मध्यवर्ती आणि संक्रमण या आतल्या क्षेत्रांत घट्ट.

प्रश्नकर्ता: मग वाक्य असे करतो: ‘परिघीय क्षेत्रातला स्ट्रोमा सैल असून त्यात अपट्टकी स्नायूंच्या जुड्या आणि संयोजी ऊतीचे तंतू एकमेकांत गुंफलेले असतात.’

उत्तर: चालेल. फक्त ‘संयोजी ऊतीचे तंतू’ऐवजी ‘कोलॅजेनचे आणि लवचिक तंतू’ करा. नाव माहीत असताना मोघम कशाला लिहायचे?