जोन्सला प्लेबुक नवं नव्हतं
अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) बदलला की प्लेबुकही (ठरलेल्या चालींचा संच) बदलावं लागतं’ हे मत पटत नाही. २०१४चं ओहायो स्टेट (कॉलेज संघ) बघा. पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा ऑगस्टमध्येच गेला, मिशिगनविरुद्ध त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला आणि आठवड्याभरात तिसरा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स विस्कॉन्सिनसमोर उभा! प्रशिक्षक अर्बन मायरनी आराखडा तोच ठेवला, भर मात्र हलवला: जोन्सच्या दणकट हाताला साजेसे लांब पास. पास झेलणाऱ्या डेव्हिन स्मिथचे तीन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) तसेच आले, तिन्ही ३९ यार्ड किंवा त्याहून लांबचे. लांब पासाच्या धास्तीनं सेफ्टी (बचावातले सर्वांत मागचे खेळाडू) मागे राहतात, धावायला जागा मिळते. चेंडू घेऊन धावणाऱ्या एलियटचे २२० यार्ड, निकाल ५९-०. सप्टेंबरात व्हर्जिनिया टेकनं बॅरेटवर माणसं लोटली तेव्हा लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) नवखी होती, सात सॅक झाले, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला सात वेळा पाडलं. डिसेंबरात हीच लाइन मुरलेली होती, जोन्सला पास फेकायला वेळ मिळाला.